घरगुती व्हिडिओ गेम संच व ग्राहकाची निवड

दूरचित्रवाणी संचास जोडून त्याच्या पडद्यावर खेळ खेळण्यासाठी बनविलेले इलेक्ट्रॉनीय उपकरण म्हणजे घरगुती व्हिडिओ गेम संच होय. सूक्ष्मप्रक्रियक, स्मृतिमंडले, चित्र व ध्वनी निर्माण करणारी मंडले आणि हातात धरावयाचे नियंत्रक हे त्याचे प्रमुख भाग होत. रचनेने हा एक संगणकच असला, तरी सामान्य संगणकाप्रमाणे त्यावर कोणतीही आज्ञावली चालविता येत नाही. निर्मात्याने मान्य केलेले खेळच त्यावर चालावेत अशी योजना केलेली असते. खेळाची आज्ञावली प्रारंभी संचातच कायमची बसविलेली असे. पुढे ती बदलता येण्याजोग्या पेटिकेत, नंतर सीडी व डीव्हीडीवर आणि अलीकडे इंटरनेटद्वारा मिळू लागली. पेटिकेस महाराष्ट्रात सर्वत्र ‘कॅसेट’ असेच म्हणत आणि नियंत्रकास मुले ‘रिमोट’ म्हणत. प्रस्तुत लेखात या उपकरणाच्या तांत्रिक विकासापेक्षा ते विकत घेणाऱ्याने आजवर कशाला महत्त्व दिले, याचा विचार केला आहे.

निर्मात्यांच्या जाहिरातींत बहुधा सूक्ष्मप्रक्रियकाची क्षमता, रंगांची संख्या आणि चित्राचा रेखीवपणा यांचे वर्णन असते. प्रत्यक्ष विक्रीचा इतिहास मात्र निराळा आहे. एकाच काळातील संचांमध्ये जो सर्वांत शक्तिमान तोच सर्वाधिक खपला, असे क्वचितच घडलेले दिसते. ग्राहक पेटीकडे पाहून पैसे मोजतो खरा. परंतु त्याचे लक्ष पुढील दोनतीन वर्षांत त्या पेटीवर काय खेळावयास मिळणार, ते कितीला मिळणार आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून उसने मिळणार की नाही, याकडे असते. महाराष्ट्रातील, विशेषतः मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवरील मध्यमवर्गीय वस्तीचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे.

जगातील पहिला घरगुती संच ‘ओडिसी’ हा अमेरिकेत मॅग्नाव्हॉक्स कंपनीने १९७२ मध्ये विक्रीस आणला. त्याची मूळ कल्पना राल्फ बेअर या अभियंत्याची. पडद्यावर केवळ प्रकाशाचे ठिपके व रेषा उमटत आणि मैदानाचे चित्र दाखविण्यासाठी पारदर्शक कागद काचेवर चिकटवावा लागे. हा संच फक्त त्याच कंपनीच्या दूरचित्रवाणीवर चालतो, असा अनेक ग्राहकांचा समज झाला व त्याचा विक्रीस फटका बसला. आपल्या घरातील संचावर हे चालेल का, हा ग्राहकाचा पहिला प्रश्न असतो, हे त्याच वेळी दिसून आले. (मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी, म्हणजे त्याच वर्षी सुरू झाले. आपल्याकडे तेव्हा मुळात दूरचित्रवाणी संचच दुर्मिळ होता.) १९७६ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीने बदलता येणाऱ्या पेटिकांचा संच आणला आणि १९७७ मध्ये अटारी कंपनीचा संच आला. अटारीची विक्री खऱ्या अर्थाने वाढली ती ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा तत्पूर्वी सार्वजनिक यंत्रांवर गाजलेला खेळ १९८० मध्ये घरी खेळता येऊ लागल्यानंतर. तो खेळ हवा म्हणून लोकांनी संच घेतला. याच्या उलट १९८३ मध्ये अमेरिकेत निकृष्ट खेळांचा पूर आला, दुकानांत पेटिका पडून राहिल्या व हा धंदा जवळजवळ बुडाला. या अवधीत संचांत कोणताही बिघाड झालेला नव्हता, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी १४,८०० येन किंमतीचा ‘फॅमिकॉम’ हा आठ-बिटी संच बाजारात आणला. अमेरिकेत तो १९८५ मध्ये वेगळ्या आकारात व ‘एनईएस’ या नावाने गेला. अमेरिकेतील अनुभवावरून धडा घेऊन कंपनीने तेथील संचात एक कुलूपमंडल बसविले. परवाना नसलेल्या पेटिका त्यामुळे चालेनाशा झाल्या. जपानी फॅमिकॉममध्ये मात्र असे कुलूप नव्हते. त्यामुळे तैवान, हाँगकाँग व पुढे चीनमधील कारखान्यांनी त्याच्या हुबेहूब नकला केल्या. मूळ संचातील अनेक मंडले हळूहळू एकाच मंडलात सामावली गेली व नकलेची किंमत सतत उतरत गेली. रशियात १९९२ पासून ‘डेंडी’ या नावाने खपलेला संच ही अशीच नक्कल होती. भारतातील बहुसंख्य मुलांना व्हिडिओ गेमची ओळख झाली, तीही याच कुळातील संचांमुळे.

भारतात १९९१ च्या आर्थिक सुधारणांपर्यंत उपभोग्य वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध होते आणि त्यानंतरही आयातशुल्क जबर होते. ‘समुराई’ या नावाने निन्टेन्डोच्या संचाची परवानाप्राप्त विक्री भारतात झाली. ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ यांसारख्या नावांचे नकली संच मात्र कितीतरी अधिक घरांत पोहोचले. मुंबईत लॅमिंग्टन रोड (डॉ. भडकमकर मार्ग), क्रॉफर्ड मार्केटनजीकचे मनीष मार्केट, हाजी अलीजवळील हिरा पन्ना ही अशा मालाची ठिकाणे सर्वांस ठाऊक होती. रंगीत दूरचित्रवाणी १९८२ मध्ये आलेली असली, तरी १९९० च्या सुमारास असंख्य घरांत कृष्णधवल संचच होता. आणि तोही एकच.

या बाजारपेठांना ग्राहक पुरविणाऱ्या उपनगरी पट्ट्याचे ठाणे-डोंबिवली-कल्याण हे एक प्रमुख अंग. कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या मार्गावर कल्याणनंतरचे पहिले स्थानक विठ्ठलवाडी. कल्याण पूर्वेची वस्ती व उल्हासनगर यांच्या सीमेवर ते आहे. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली व १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. अल्पावधीत तेथे लहान कारखाने व घाऊक बाजार उभे राहिले. तेथील मालावरील ‘मेड इन यू. एस. ए.’ या अक्षरांचा ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा अर्थ लावण्याचा विनोद महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. त्यात थोडी टिंगल आहे व थोडे कौतुकही. विठ्ठलवाडीसारख्या ठिकाणच्या रहिवाशास एका दिशेस चालत जाण्याच्या अंतरावर उल्हासनगरचा बाजार आणि दुसऱ्या दिशेस लोकलने दीड तासाच्या आत मुंबई, अशी दुहेरी सोय होती. वस्तूवरील नावावर विसंबून न राहता ती दुकानात चालवून पाहावयाची, दुकानदाराकडून ‘बिघडली तर बदलून देईन’ असा तोंडी शब्द घ्यावयाचा व मगच भाव करावयाचा, ही या पट्ट्यातील ग्राहकाची रीत होती. गेम संचाच्या खरेदीतही तीच चालली.

अशा ग्राहकाच्या चौकशीचा क्रम ठरलेला असे. पहिली गोष्ट दूरचित्रवाणीशी जुळण्याची. जपान-अमेरिकेतील चित्रपद्धती ५२५ रेषांची व भारतातील पाल पद्धती ६२५ रेषांची असल्याने परदेशातील नातेवाइकाने आणलेला अस्सल संच कित्येकदा येथे नीट चालत नसे. आग्नेय आशियातून आलेली स्वस्त नक्कल मात्र पाल पद्धतीचीच असे आणि अँटेनाच्या खोबणीत तार घालून एखादा रिकामा चॅनल जुळविला की कृष्णधवल संचावरही चाले. अस्सलापेक्षा नक्कल अधिक सोयीची ठरण्याचे हे एक कारण होते. त्याबरोबरच वडीलधाऱ्यांचा ठराविक आक्षेप येई : गेममुळे पिक्चर ट्यूब खराब होते. एकच चित्र तासन्‌तास स्थिर राहिल्यास नळीवरील लेपावर त्याचा डाग उमटू शकतो हे खरे. परंतु सुटीतील दोनचार तासांच्या खेळाने, तेही सरकत्या चित्रांच्या, नळी निकामी होण्याचा संभव फार थोडा होता. आक्षेपाचे खरे मूळ बहुधा बातम्यांच्या व मालिकांच्या वेळा हे असावे.

त्यानंतर कॅसेटींचा प्रश्न येई आणि निवड खऱ्या अर्थाने येथे ठरे. नकली संचांची खोबण साठ पिनांची, म्हणजे जपानी फॅमिकॉमची असे. त्यामुळे कोणत्याही नावाचा संच घेतला, तरी गल्लीतील साऱ्या मुलांच्या कॅसेटी त्यावर चालत. एकाने ‘कॉन्ट्रा’ घ्यावा, दुसऱ्याने ‘सुपर मारिओ’, तिसऱ्याने अनेक खेळांची एकत्र कॅसेट, आणि मग त्या फिरवाव्यात. अमेरिकेतील एनईएसच्या पेटिका ७२ पिनांच्या व आकाराने मोठ्या असत. त्या पद्धतीचा संच ज्याच्याकडे असे, तो या देवघेवीतून आपोआप बाहेर पडे. ‘९९ इन १’ अशा कॅसेटींवर वास्तविक मोजकेच निराळे खेळ असत व तेच पुनःपुन्हा वेगळ्या नावांनी किंवा वेगळ्या टप्प्यापासून सुरू होत. ही फसवणूक मुलांना एका दुपारात कळत असे. तरीही अशा कॅसेटींचा खप कमी झाला नाही. कारण वीसएक खेळ एका कॅसेटीच्या किंमतीत मिळणे हेही पुरेसे होते. जुनी कॅसेट देऊन वर थोडे पैसे भरून दुसरी घेण्याची सोय ज्या दुकानात असे, त्या दुकानातून संच घेण्याकडे लोकांचा कल असे. संचाचे नाव त्या मानाने गौण होते.

कॅसेट न चालल्यास तिच्या तोंडात फुंकर मारण्याची प्रथा जगभर आढळते. फुंकरीतील बाष्पाने धातूची टोके उलट गंजतात. काम होत असे ते कॅसेट काढून पुन्हा बसविल्यामुळे. संचाबरोबर मिळणारी बंदूक हे आणखी एक आकर्षण. बदकांच्या शिकारीच्या खेळात ती पडद्यावरील क्षणिक प्रकाश टिपते व त्यासाठी जुन्या काचनळीचाच पडदा लागतो. सपाट पडद्याचे संच घरोघर आल्यावर या बंदुका निरुपयोगी झाल्या.

पालकांचे मन वळविणारा एक वेगळा प्रकार म्हणजे कळफलकाच्या आकाराचा संच. आत तोच आठ-बिटी फॅमिकॉम. पण वर टंकलेखनाच्या कळा आणि सोबत टंकलेखन, गणित व बेसिक भाषा यांची एक कॅसेट. चीनमध्ये ‘सुबोर’ कंपनीने अशा यंत्राची अभ्यासयंत्र म्हणून मोठी जाहिरात केली व तीत जॅकी चॅन या अभिनेत्याचा उपयोग केला. भारतातही असे संच संगणकाचे प्रथम शिक्षण म्हणून विकले गेले. त्यांवर शिकलेल्या बेसिकचा पुढे काही उपयोग झाला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु ज्या काळात खरा संगणक मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर होता, त्या काळात कळफलकावर प्रथम बोटे ठेवण्याचे काम या यंत्रांनी केले.

किंमत व खेळांचा पुरवठा यांचे महत्त्व सेगा कंपनीच्या प्रयत्नावरून अधिक स्पष्ट होते. ८० टक्के आयातशुल्काचा अडसर टाळण्यासाठी या जपानी कंपनीने १९९५ मध्ये शॉ वॉलेस या भारतीय कंपनीशी वितरणाचा करार केला. तिचा सोळा-बिटी ‘मेगा ड्राइव्ह’ संच गुणवत्तेत आठ-बिटी नकलांपेक्षा निर्विवाद सरस होता. परंतु तो सुमारे १८,००० रुपयांस मिळे आणि ही त्या वेळच्या पुष्कळ नोकरदारांची काही महिन्यांची मिळकत होती. शिवाय त्याच्या कॅसेटी शेजारच्या मुलाकडे नसत.

सोनी कंपनीचा ‘प्लेस्टेशन’ जपानमध्ये ३ डिसेंबर १९९४ रोजी आला. १९९५ मध्ये अमेरिकेतील व्यापारी प्रदर्शनात सोनीने त्याची किंमत २९९ डॉलर जाहीर केली. सेगाचा प्रतिस्पर्धी ‘सॅटर्न’ ३९९ डॉलरला होता. शंभर डॉलरांच्या या फरकाचा मोठा परिणाम झाला. परंतु त्याहून महत्त्वाचा बदल माध्यमात होता. सीडीची प्रत काढण्यास कॅसेटीच्या मानाने नगण्य खर्च येतो व तीत सुमारे ६५० मेगाबाइट मजकूर मावतो. निन्टेन्डोने १९९६ च्या आपल्या संचात मात्र महाग व अल्प क्षमतेच्या कॅसेटीच कायम ठेवल्या. खेळ बनविणाऱ्या संस्था त्यामुळे सोनीकडे वळल्या आणि त्यांच्यामागून ग्राहकही.

निर्मात्याला स्वस्त पडणारी सीडी नकलकारालाही स्वस्तच पडली. मूळ सीडीच्या आरंभीच्या भागात घरगुती यंत्राने उमटविता न येणारी एक खूण असे. संच ती तपासून मगच खेळ सुरू करी. एक लहानसे मंडल संचात डाखून ही तपासणी फसविता येई. बाजारात या कामास ‘मॉडिफाय करणे’ म्हणत. प्लेस्टेशन व त्यानंतरचा २००० मधील ‘प्लेस्टेशन २’ यांच्या बाबतीत भारतातील ग्राहक दुकानात शिरताच विचारी तो प्रश्न म्हणजे संच मॉडिफाय केलेला आहे काय हा. होकार मिळाल्यास मूळ सीडीच्या किंमतीच्या अल्प अंशात प्रत मिळे आणि जपान, अमेरिका, युरोप या विभागांची बंधनेही सुटत. भारतीय प्रताधिकार अधिनियमाच्या कक्षेत संगणक आज्ञावली १९८४ पासूनच आलेल्या होत्या व १९९४ च्या दुरुस्तीने नकली आज्ञावलीचा जाणूनबुजून केलेला वापरही शिक्षापात्र ठरविला. तथापि बाजारावर त्याचा परिणाम फारसा जाणवला नाही.

या व्यवहाराचे मूल्यमापन सरसकट करता येत नाही. संच अल्प नफ्यात किंवा तोट्यातही विकावयाचा व खेळांवर कमवावयाचे, हा निर्मात्यांचा ठोकताळा भारतात उलटा झाला. येथे संच महाग व खेळ स्वस्त होते. त्यामुळेच एरवी या छंदाकडे फिरकू न शकणारा वर्ग त्यात आला. परंतु प्रत जर चहा-फराळाच्या खर्चात मिळत असेल, तर देशी खेळासाठी पूर्ण किंमत कोण देणार? भारतात बनविलेला ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा प्लेस्टेशन २ साठीचा खेळ २००९ मध्ये, म्हणजे त्या संचाच्या उत्तरायुष्यात आला. मराठीत तर या संचांसाठी उल्लेखनीय खेळ झाला नाही. ग्राहकाने वाचविलेल्या पैशांची ही दुसरी बाजू आहे व ती या विषयावरील चर्चेत फार क्वचित मांडली जाते.

विजेचा प्रश्नही या भागात निवडीवर परिणाम करीत असे. २००५ नंतरच्या काही वर्षांत कल्याण-उल्हासनगर परिसरात तासन्‌तास भारनियमन होई. मुंबई शहर त्यातून वगळलेले होते. आठ-बिटी कॅसेटींपैकी बहुतेकींत खेळाची प्रगती साठविण्याची सोय नसल्याने वीज गेली की प्रारंभापासून सुरुवात करावी लागे. प्लेस्टेशन २ साठी ८ मेगाबाइटांचे स्मृतिपत्र मिळे, पण ते वेगळे विकत घ्यावे लागे. ते सोबत देणारा दुकानदार म्हणूनच चतुर समजला जाई.

मायक्रोसॉफ्टचा ‘एक्सबॉक्स ३६०’ सप्टेंबर २००६ मध्ये व सोनीचा ‘प्लेस्टेशन ३’ एप्रिल २००७ मध्ये भारतात अधिकृतपणे आले. दुसऱ्याची किंमत ३९,९९० रुपये होती. यानंतर हमीपत्र व दुरुस्ती यांना प्रथमच महत्त्व आले. एक्सबॉक्स ३६० तप्त होऊन बंद पडण्याच्या तक्रारी जगभर वाढल्यावर कंपनीने जुलै २००७ मध्ये त्या बिघाडापुरती हमी तीन वर्षांपर्यंत वाढविली व त्यासाठी शंभर कोटी डॉलरहून अधिक खर्चाची तरतूद केली. दुबईहून आणलेल्या संचास भारतात हमी मिळत नसल्याने किंमतीतील बचत व दुरुस्तीचा धोका यांचा हिशेब ग्राहक मांडू लागले. निन्टेन्डोचा ‘स्विच’ (२०१७) तर अधिकृत वितरकावाचून, खाजगी आयातीनेच येथे विकला गेला. कराचाही भाग होता : वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा, २०१७ मध्ये, या संचांवर २८ टक्के कर होता, १ जानेवारी २०१९ पासून तो १८ टक्के झाला.

वापरलेली सीडी विकता येणे ही गोष्ट ग्राहकाला किती मोलाची वाटते, याचा निर्णायक पुरावा २०१३ मध्ये मिळाला. मायक्रोसॉफ्टने ‘एक्सबॉक्स वन’ या नव्या संचासाठी जुन्या तबकड्यांच्या पुनर्विक्रीवर बंधने आणि इंटरनेटद्वारा नियमित तपासणी जाहीर केली. सोनीने आपल्या ‘प्लेस्टेशन ४’ वर असे काही नसेल असे सांगितले व किंमतही शंभर डॉलरने कमी ठेवली. ग्राहकांचा रोष इतका झाला, की मायक्रोसॉफ्टने जून महिन्यातच बंधने मागे घेतली. गल्लीत कॅसेटी फिरविणाऱ्या मुलांना हा वाद समजावून सांगण्याची गरज पडली नसती.

प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला, तेव्हा त्याचे दोन प्रकार होते : तबकडी घालण्याची सोय असलेला ४९,९९० रुपयांस व ती नसलेला ३९,९९० रुपयांस. एरवी क्षमतेत दोन्ही सारखेच. त्या वेळी मोठ्या नव्या खेळाची किंमत ४,९९९ रुपये होती. समजा, पुरा खेळून झालेली तबकडी ३,००० रुपयांस विकली, तर चार खेळांत दहा हजारांचा फरक भरून निघतो. मित्रांत तबकड्यांची देवघेव असल्यास त्याहून लवकर. स्वस्त प्रकारात मात्र खेळ केवळ निर्मात्याच्या दुकानातून, त्याने ठरविलेल्या भावाने घ्यावा लागतो आणि तो कोणाला देता किंवा विकता येत नाही. मासिक वर्गणीत अनेक खेळ खेळू देणाऱ्या योजनांनी हा तोटा काहीसा कमी होतो; परंतु वर्गणी थांबली की खेळही थांबतो. २०१६ नंतर मोबाइलवरील डेटा स्वस्त झाल्याने फुकट खेळांकडे वळलेल्या तरुणांना हा हिशेबच करावा लागत नाही व संच घेणाऱ्यांचे प्रमाण भारतात मर्यादित राहण्याचे तेही एक कारण आहे. २०२३ मध्ये निघालेल्या सुधारित प्लेस्टेशन ५ मध्ये तबकडीचा भाग वेगळा विकत घेऊन नंतर जोडता येतो. मात्र तो चालू करण्यासाठी संच एकदा इंटरनेटवर कंपनीशी जोडावा लागतो.